"तसलं बोलायचं नसतं": बोलण्यावरची बंदी आणि परंपरांचं टिकणं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत आम्ही काही जण सुट्टी मिळेल तसं जुन्या बायकांच्या ओव्या, गौरीची गाणी, हादग्याची गाणी, उखाणे, कहाण्या असलं सगळं फोनवर रेकॉर्ड करत फिरतो. फिरताना आणि नंतर व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, आणि त्यातले निम्मे तरी एकाच गोष्टीवर येऊन थांबतात, की अहो हे बोलायचं नसतं, मग विचारता कशाला. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलं. क्रम वगैरे काय लावलेला नाही.

प्र. "बोलायचं नसतं" म्हणजे नेमकं काय काय?

लई काय काय. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं आणि थोरल्या दिराचं तर नाहीच नाही, इतकं की सासऱ्याचं नाव मारुती असलं तर देवळातल्या मारुतीलाही हनुमंत म्हणायचं. दिवा विझवला म्हणायचं नाही, बांगडी फुटली म्हणायचं नाही, ती "वाढवली", कुंकू संपलं नाही "वाढलं", नारळ वाढवायचा, रात्री दुकानसुद्धा वाढवायचं. रात्री सापाचं नाव काढायचं नाही, लांबडं म्हणायचं. घरातनं निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं (आमच्याकडं तर बायकापण "येतो" म्हणतात, पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत).

ही झाली सोपी यादी. अवघड यादी वेगळीच. पाळीबद्दल बोलायचं नाही, कावळा शिवला एवढंच. गुरूनं कानात सांगितलेला मंत्र मोठ्यानं म्हणायचा नाही. झाडपाल्याचं औषध कुणाला सांगायचं नाही. अमुक मंत्र अमक्या जातीनं म्हणायचा नाही, ऐकायचाही नाही. आणि घरातलं, जातीतलं बाहेर बोलायचं नाही.

हे सगळं एकाच पोत्यात भरलं की गोंधळ होतो. भीतीनं गप्प बसणं, लाजेनं गप्प बसणं, मानानं गप्प बसणं आणि दुसऱ्यानं गप्प बसवणं, चारीचा परिणाम वेगवेगळा होतो.

प्र. मग बंदीमुळं परंपरा मरतात का टिकतात?

दोन्ही होतं. माझ्या मते बघायची गोष्ट एकच, त्या बंदीनं बोलायला कुठंतरी वाट ठेवलीय का. "बोलू नको" म्हणून जी बंदी तिथंच थांबते ती परंपरेला हळूहळू संपवते. आणि "इथं नको, असं नको, पण त्या दिवशी, त्या जागी, त्या चालीत बोल" म्हणणारी बंदी उलट नवीन परंपरा जन्माला घालते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही पण उखाण्यात घे. सासूबद्दल चकार शब्द काढायचा नाही पण पहाटे जात्यावर बसून काय गायचंय ते गा. शिव्या द्यायच्या नाहीत पण शिमग्याला घसा बसेपर्यंत बोंब मार.

आता ही वाट कोण बंद करतं, कशी बंद होते, हा खरा प्रश्न आहे आणि खालचे बरेच प्रश्न त्याच्यावरच आहेत.

प्र. नाव न घेण्याची पद्धत तर गेली की, मग उखाणे एवढे जोरात कसे?

हे मलापण आधी विचित्र वाटायचं. आता सुनबाई नवऱ्याला डायरेक्ट नावानं हाक मारते, कधीकधी "ए" म्हणून पण मारते, आणि आज्जी पण फारसं काय म्हणत नाही. पण लग्नात घास भरवताना, माप ओलांडताना, डोहाळजेवणाला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाव घेतल्याशिवाय तिला सोडत नाहीत, आणि आता नवरोबालाही सोडत नाहीत. बंदी गेली आणि खेळ उरला. उखाणा चारचौघांत म्हणायचा असतो, यमक जुळलं की टाळ्या, चुकलं की हशा, त्यामुळं मूळ कारण संपलं तरी म्हणायची मजा संपली नाही.

बदललं मात्र बरंच. पूर्वी लांब उखाणे असायचे, सासरचा वाडा, सोपा, माजघर, देवघर, तिथलं प्रत्येक माणूस असं सगळं वर्णन करत करत शेवटी नाव यायचं आणि तोवर बायका श्वास रोखून बसायच्या. ते म्हणणाऱ्या बायका आता फार कमी भेटतात. दोन ओळींचे राहिले, तेपण मोबाईलवर शोधून पाठ केलेले, एकाच हॉलमध्ये एकाच दिवशी तीन जणींनी तोच उखाणा घेतलेला ऐकलाय. मला स्वतःला त्याचं फार दुःख नाही, कारण तो प्रकार जिवंत आहे आणि कोण ना कोण नवीन जुळवतंय, पण लांब उखाणा ज्यांना येतो त्यांच्याकडनं तो आत्ताच घेऊन ठेवा एवढं म्हणेन.

प्र. जात्यावरच्या ओव्या कुणी बंद केल्या?

कुणी नाही. पिठाच्या गिरणीनं.

म्हणजे बघा, सुनेनं उलट बोलायचं नाही ही बंदी होती, आणि त्याच घरात पहाटे सगळे झोपलेले असताना, जात्याच्या घरघरीत, एकटीनं नाहीतर दोघींनी समोरासमोर बसून सासुरवास, माहेर, भाऊ, पोराबाळांची दुखणी, विठ्ठल, सगळं गायला पूर्ण परवानगी होती. सासू पलीकडच्या खोलीत ऐकत असायची आणि तिला काही म्हणता यायचं नाही, कारण ते बोलणं नव्हतं, दळण होतं. गिरणी आली, दळणाचे कष्ट वाचले, त्याबद्दल कुणी बाई तक्रार करणार नाही आणि करूपण नये. पण उलट बोलायचं नाही हा नियम गिरणी आल्यावर लगेच गेला नाही ना. तो पुढं कितीतरी वर्षं राहिला. म्हणजे तोंड बंद ते बंदच, आणि बोलायची जी एक जागा होती ती गेली. जात्यावर बसलेल्या पिढीला ओव्या येतात, त्यांच्या लेकींना तुकडे येतात, नातींना काही नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून पुण्यातून हे काम चालू केलं म्हणून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या, नाहीतर शहरातल्या लोकांना एवढं काही होतं याचा पत्तासुद्धा लागला नसता. त्या आता ऑनलाइन ऐकायला मिळतात, जरूर ऐका.

रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी एक टीप. आज्जीला खुर्चीत बसवून "ओवी म्हणा" म्हटलं की दोन म्हणून थांबतात, आठवत नाही म्हणतात. परड्यात पडलेलं जातं धुवून समोर ठेवा, मूठभर धान्य घाला (रिकामं जातं फिरवायचं नसतं, त्या फिरवणारच नाहीत) आणि हातात खुंटा द्या. मग मात्र तुमच्या फोनची बॅटरी संपेल.

प्र. आमच्या गावात एक बाबा काविळीचं औषध द्यायचे, कुणालाच न सांगता वारले. असं का करतात?

हा प्रश्न तर राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, कुठंही जा, वेगवेगळ्या नावानं येतोच. "सांगितलं की गुण जातो" असा नियम असतो. मंत्राचंही तसंच, ग्रहणात पाण्यात उभं राहून घ्यायचा, एकालाच द्यायचा, दिला की देणाऱ्याचा संपतो.

नुसती अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेऊ नका, त्याच्यामागं हिशोब होता. एक तर बहुतेक ठिकाणी या औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत अशी अट असते, त्यामुळं मिळतो तो फक्त मान, आणि गावभर सगळ्यांना माहीत झालं तर मान कसला राहतोय. दुसरं म्हणजे मुळी ओरबाडून लोक रान साफ करतात. तिसरं, किती द्यायचं आणि कुणाला द्यायचं नाही हे नीट न शिकता कुणी दिलं तर माणूस दगावतो. म्हणजे ही बंदी एकेकाळी शहाणपणाची होती, आणि तिला वाटही होती, योग्य माणूस बघून शेवटी त्याला सांगायचं.

पण ती वाट फारच अरुंद. पोरगं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नाहीतर पुण्यात, त्याला मुळ्या ओळखता येत नाहीत आणि शिकायची इच्छापण नाही, पुतण्याशी बांधाची भांडणं, जावयाला कसं सांगायचं, सुनेला तर नाहीच कारण बाईला द्यायचं नसतं. असं करत करत म्हातारा आयसीयूत जातो आणि तिथं कानात सांगायला कुणाला सोडत नाहीत. संपलं. आणि नुकसान दुहेरी होतं, त्यातलं कुठलं खरंच उपयोगाचं होतं आणि कुठलं नुसतं नाव होतं, हे तपासायची संधीपण त्यांच्याबरोबर जाते. माझा अंदाज आहे की बरंचसं नुसतं नाव असणार, पण अंदाजच तो, आता कोण सांगणार.

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो. साप चावला तर मंत्र टिकवायच्या नादात राहू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारीवर एकच लस (चावल्यावर द्यायचा विषाचा उतारा) चालते, ती दवाखान्यात मिळते, सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठा नाहीतर जवळचं ग्रामीण रुग्णालय. साप-विंचू-कुत्रा चावल्यावर माणसाला उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मंत्र लिहून ठेवायचा असेल तर माणूस बरा होऊन घरी आल्यावर.

प्र. वेद तर हजारो वर्षं नुसते तोंडी टिकले, आणि तेपण कडक बंधनात. मग बंदी वाईट कशी म्हणता?

चांगला प्रश्न, आणि कोल्हापूरकरांनी तर विचारलाच पाहिजे.

टिकले हे खरं. पद, क्रम, जटा, घन असे पाठ करण्याचे प्रकार काढले, शब्द उलटसुलट जोडून इतक्या वेळा म्हणायचे की एक स्वर इकडचा तिकडं झाला तरी सापडतो. २००३ साली युनेस्कोनं वैदिक पठणाला मानवजातीच्या वारशाचा मान दिला तो याच्यासाठीच. पण दुसरी बाजू बघा. पतंजलीनं महाभाष्यात शाखांचा, म्हणजे वेद म्हणायच्या वेगवेगळ्या परंपरांचा, हिशोब दिलाय, ऋग्वेदाच्या २१, यजुर्वेदाच्या १०१, सामवेदाच्या १०००, अथर्ववेदाच्या ९. हजार हा आकडा शब्दशः घ्यायची गरज नाही, तरी चिक्कार होत्या एवढं नक्की. युनेस्कोच्याच म्हणण्याप्रमाणं आज पठणात टिकलेल्या फक्त तेरा, आणि त्यातही महाराष्ट्र, केरळ, कर्नाटक, ओडिशा इथल्या चार परंपरा लगेच संपतील अशा अवस्थेत.

आता कुठली शाखा नेमकी कशानं बुडाली हे एका कारणात बसवता येत नाही, राजाश्रय गेला, स्थलांतर झालं, पोटापाण्याचं बदललं. पण म्हणणारे हात, म्हणजे तोंडं म्हणूया, आधीच मोजकी ठेवली होती. बायका नाहीत, शूद्र म्हणून ढकललेला निम्म्याहून जास्त समाज नाही. चार घरं उठून गेली की शाखा गेली. शुद्धता एकदम कडक आणि वारस मोजके.

आणि आपल्या गावात काय झालं ते माहीत असेलच. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवर कार्तिकस्नानाला शाहू महाराजांसाठी पुरोहित वेदोक्त (वेदांतले) नाही, पुराणोक्त (पुराणांतले, शूद्रांसाठी ठेवलेले) मंत्र म्हणतोय हे लक्षात आलं, का तर महाराज शूद्र. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला! त्यावरनं जे वेदोक्त प्रकरण पेटलं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं, राजोपाध्यांची, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांची, इनामं जप्त झाली, आणि १९२० ला महाराजांनी क्षात्रजगद्गुरूपद (मराठ्यांचा स्वतःचा धर्मगुरू) निर्माण करून वेगळी व्यवस्थाच उभी केली, मराठा मुलांना वैदिक विधी शिकवायची शाळा काढली. कुणी म्हणायचं आणि कुणासाठी म्हणायचं, या एका बंदीवर एवढं राजकारण झालं. काही लोक म्हणतात की महाराजांनी परंपरा मोडली. मला तर दिसतं की म्हणणारी माणसं वाढवायला निघालेला त्या काळातला तो मोठा माणूस होता.

प्र. गुप्त ठेवून टिकलेलं एकतरी उदाहरण आहे का?

आहे की, महानुभाव पंथ. तेराव्या-चौदाव्या शतकातलं मराठी गद्य, लीळाचरित्रासकट, यांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवलं आणि पंथाबाहेरच्या कुणाला वाचू दिलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी लिपी उलगडली आणि मग बाकीच्या महाराष्ट्राला कळलं की आपल्या भाषेत एवढं जुनं, एवढं सुंदर गद्य पडून आहे. बाहेरचे हात लागले नाहीत म्हणून जुनी रूपं बरीच तशीच राहिली.

पण इथंपण माझं तेच म्हणणं. बाहेर बंदी होती तरी आत मठामठांत पोथ्या उतरवून काढणं, पाठ करणं हे कर्तव्य होतं, आणि पंथात बायका होत्या, वेगवेगळ्या जातींचे लोक होते. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली तेव्हा अनुयायांनी आठवणीतनं परत उभं केलं. एकालाच सांगायचा नियम असता तर त्या दिवशीच विषय संपला असता.

प्र. शिमग्याच्या शिव्या आता कुणी देत नाही. ही परंपरा टिकवावी म्हणता का?

हा हा. कोल्हापुरात शिव्या शिमग्यापुरत्या ठेवायची गरजच कुणाला पडलेली नाही, इथं जिगरी दोस्ताला हाक मारायची ती पण शिवीनंच.

सीरियसली सांगायचं तर वर्षातनं एक दिवस पोरं टिमक्या वाजवत बोंबा मारत फिरायची, सावकाराच्या, पाटलाच्या दारात पण. एरवी ज्याच्यासमोर मान वर करायची सोय नाही त्याच्या नावानं बोंब मारायला रीतीची परवानगी, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा राग धरायचा नाही. आता अपार्टमेंटच्या सोसायटीत होळी पेटते, आवाज करू नका म्हणून नोटीस असते, टिमकी फोटोपुरती. ते वाकडं यमक जुळवून बोंब मारणं गेलं आणि त्याच्या जागी वर्षभर मोबाईलवर कुणाच्याही आईबहिणीवरनं शिव्या चालू आहेत, त्याला ना दिवस ना रीत. बायकांना उद्देशून असलेल्या अश्लील बोंबा गेल्या याचं मला काही वाईट वाटत नाही, त्या जाऊ देत. पाटलाच्या दारातली बोंब गेली याचं वाटतं.

प्र. यल्लम्माची गाणी, चौंडकं, हे पण रेकॉर्ड करता का? घरचे म्हणतात तसल्या लोकांत जाऊ नको.

करतो. आणि "तसल्या लोकांत" हाच तर सगळा लोचा आहे.

यल्लम्माच्या सौंदत्तीला जाणारा आपला भाग. चौंडकं (तार आणि कातडं असलेलं वाद्य), तुणतुणं, डोक्यावर देवीचा जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली), ही गाणी पिढ्यान् पिढ्या जोगती-जोगतिणींनी, म्हणजे देवीला वाहिलेल्या लोकांनी, सांभाळली. त्याच्याच आत मुली देवाला सोडायची प्रथा होती, ती वाईट होती, गडहिंग्लज-निपाणी भागात १९७० च्या दशकापासून तिच्याविरुद्ध चळवळ झाली, कर्नाटकानं १९८२ मध्ये आणि महाराष्ट्रानं २००५ च्या कायद्यानं ती बंद केली, हे चांगलंच झालं. पण ती प्रथा इतकी वर्षं चालली कशी? गप्प बसल्यामुळं. मुलीला काय होणार हे घरात सगळ्यांना माहीत आणि तोंडानं कुणी काढायचं नाही. आणि आता उलटं झालंय, प्रथा गेली तरी त्या बायकांच्या लेकी आईला काय गाणी यायची हे सांगत नाहीत, कारण सांगितलं की आई कोण होती ते सांगावं लागतं. त्यात त्या मुलींचा काय दोष, शाळेत, लग्नाच्या बैठकीत लोक काय विचारतात ते बघा जरा. अशा घरात आम्ही गाणी मागत नाही. त्यांनी आपणहून सांगितली तरच.

प्र. भटक्या जमातींच्या बोलीपण अशाच चालल्यात का?

हो, आणि कारण बरंचसं तेच. गोंधळ्यांची करपल्लवी म्हणजे बोटांच्या खुणांची भाषा, एकानं प्रेक्षकांत जाऊन नाव विचारायचं आणि दुसऱ्यानं मंचावरनं नुसत्या खुणा बघून ते सांगायचं. ही गुप्त होती, पण तिचं गुप्त असणं हीच तिची करामत होती, लोक बघायला यायचे. गोंधळ रात्रभर न चालता तासाभरात उरकायला लागला तशी ती पण मागं पडली.

पण १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवलं त्यांचं वेगळं. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते लेबल कागदावरनं गेलं, लोकांच्या डोळ्यांतनं नाही गेलं. घरची बोली एसटीत, बाजारात, शाळेत बोलली की सगळे वळून बघतात, म्हणून आईबापच पोरांना सांगतात बाहेर बोलू नको, आणि मग पोरं घरातपण मराठीच बोलायला लागतात. इथं नियम कुणी देवानं घातलेला नाही. आपल्या बघण्यानं घातलाय.

प्र. म्हणजे सगळं बोललं पाहिजे असं म्हणता? काही वाईट परंपरा तर बोलायला लागल्यावरच गेल्या.

अगदी बरोबर, आणि त्या जाव्यात म्हणूनच बोलायला पाहिजे. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं करा म्हणून परिपत्रक काढलं. हे आधी का नाही झालं? कारण प्रेत अंगणात असताना त्या बाईच्या बाजूनं बोलायचं नसतं, ते अशुभ. आणि दहा दिवसांनी बोलून उपयोग नसतो. ग्रामसभेत, सगळे शांत असताना, कागदावर बोलले म्हणून झालं. तसंच २०१८ मध्ये कंजारभाट समाजातल्याच तरुण पोरापोरींनी लग्नातल्या कौमार्य चाचणीविरुद्ध उघड तोंड उघडलं, घरचे आणि जातपंचायत विरोधात असताना.

म्हणून गप्प बसण्यानं परंपरा मरतातच असं नाही. ज्यांत कुणाचा तरी बळी जातो त्या गप्प बसण्यावरच जगतात.

प्र. न्हाणाची गाणी म्हणजे काय? आईला विचारलं तर रागावली.

मुलीला पहिल्यांदा पाळी आली की तिला मखरात बसवायचे, ओटी भरायची, बायका गाणी म्हणायच्या, त्यातली. तेव्हा ते चक्क गाजावाजा करून व्हायचं. त्या वयात लग्नं व्हायची, ते सगळं परत यावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण लक्षात घ्या, इथं लाज जुनी नाहीये, नवी आहे. शिकलेल्या, नोकरदार घरांत ते गावंढळ वाटायला लागलं आणि मग काळ्या पिशवीतली गोष्ट झाली. प्रत्येक बंदी पुराणकाळातली असते असं धरून चालू नका. पणजीला विचारा, आईपेक्षा मोकळं बोलेल.

प्र. जगात दुसरीकडं असलं काही आहे का?

भरपूर. दक्षिण आफ्रिकेत झुलू आणि खोसा सुना सासरच्या माणसाच्या नावातलं अक्षर ज्या ज्या शब्दात येतं तो शब्दच टाळतात आणि दुसरा वापरतात, आपल्या हनुमंतवाल्या आज्जीच्या दहा पावलं पुढं. अमेरिकेतले नवाहो लोक कोल्ह्याच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच आदिवासी समाजांत माणूस गेला की त्याचं नाव काही काळ घ्यायचं नाही, मध्य ऑस्ट्रेलियात तर त्या नावाच्या जिवंत माणसाला पण "कुमनजाई" असं बदली नाव देतात, आणि तिथल्या टीव्हीवर आधी सूचना येते की यात मृत व्यक्तींची चित्रं आणि आवाज असू शकतात.

दोन उदाहरणं आपल्या कामाची. तिथल्याच डिर्बल लोकांत सासूसमोर बोलायची वेगळी बोली होती, जवळजवळ सगळे शब्द वेगळे. १९३० च्या आसपास ती वापरातून गेली. सासूसमोरचं ते अंतर पाळणं संपलं तसं त्या बोलीचं काम संपलं. उखाण्यासारखा तिचा कुणी खेळ केला नाही. आणि दुसरं, स्ट्रेलो म्हणून एक संशोधक होता, अरेर्न्टे लोकांच्या काही वडीलधाऱ्यांनी त्यांची गुप्त गाणी त्याच्या हवाली केली, कारण विधी पूर्ण केलेले लायक वारस दिसेनात. ती ॲलिस स्प्रिंग्समध्ये जपून ठेवलीत, पण कुणी ऐकायची हा वाद मिटलेला नाही. आपल्या औषधवाल्या बाबांना असला कुणी भेटला नाही, आणि भेटला असता तर त्यांनी सांगितलं असतं का हा पण प्रश्नच आहे.

प्र. मुलांना "दिवा विझव" न म्हणता "शांत कर" म्हणायला शिकवावं का?

शिकवा की, फुकटचं आहे. धाक घालू नका म्हणजे झालं.

प्र. आज्जी नको म्हणत असताना गुपचूप रेकॉर्ड केलं तर? परंपरा तर टिकेल ना.

नाही करायचं. एकदा कळलं की ती आज्जी तर गप्प होतेच, सगळी गल्ली गप्प होते, आणि पुढच्याला पण दार उघडत नाहीत.

नको कशाला म्हणतायत ते आधी नीट ऐका. कहाणी उन्हाळ्यात सांगत नाही म्हणाल्या तर श्रावणात जा, शुक्रवारी जा, जिवतीपुढं हातात तांदूळ घेऊन बसा, अगदी साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होईपर्यंत सांगतील. यूट्यूबला टाकू नका म्हणाल्या तर टाकू नका, घरातल्या घरात ठेवा. फक्त लेकीसुनांनी ऐकायचं म्हणाल्या तर तसं फाईलच्या नावात लिहा आणि पाळा. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांबरोबर मुकुर्तू नावाची एक फुकट सिस्टीम याच्यासाठीच बनवली गेली, कुठलं रेकॉर्डिंग कुणी बघायचं हे त्या समाजानंच ठरवायचं. आपल्याला एवढं नको, पेनड्राइव्हवर तीन फोल्डर पुरतात.

प्र. बायका पुरुषांसमोर काही गाणी म्हणत नाहीत. तुमच्यात तर पुरुष आहेत, मग कसं करता?

लग्नाच्या आदल्या रात्रीची, बाळंतिणीची, गौरी जागवतानाची काही गाणी भलतीच चावट असतात आणि ती पुरुषांसमोर निघतच नाहीत. आमच्यातल्या दोघी जणी फोन घेऊन आत बसतात आणि दार लावून घेतात, आम्ही बाहेर कट्ट्यावर त्या घरातल्या काकांबरोबर चहा आणि उसाचा दर. आतनं हसण्याचा आवाज येतो, काका म्हणतात "काय एवढं हसालेत बगा की", आणि बघायला उठत मात्र नाहीत. त्या फाईली बायकांच्याच ग्रुपवर आहेत, आम्हाला मागून पण मिळत नाहीत.